ठेका कुणी धरायचा?

मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५

जॅक डिजॉनेट गेला. रविवारी, न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनला, वयाच्या ८३व्या वर्षी. भाच्याने रात्री उशिरा मेसेज टाकला होता, तो सकाळी दुधाच्या पिशव्या आत घेताना वाचला. घरी येणारा पेपर उलटापालटा करून पाहिला, एक ओळही नव्हती. ड्रमर गेल्यावर कुठे छापून येतं म्हणा.

संध्याकाळी 'इन मूव्हमेंट' लावला. २०१६ सालचा, ईसीएमचा. तीनच माणसं: सॅक्सोफोनवर रवी कोल्ट्रेन, बेस गिटार आणि इलेक्ट्रॉनिक्सवर मॅथ्यू गॅरिसन आणि डिजॉनेट स्वतः. रवी हा जॉन कोल्ट्रेनचा मुलगा, नाव पंडित रविशंकरांवरून ठेवलेलं. मॅथ्यू हा कोल्ट्रेनच्या चौकडीत बेस वाजवणाऱ्या जिमी गॅरिसनचा. दोघांनीही वडील लहानपणीच गमावले. डिजॉनेटला मात्र तरुणपणी शिकागोत कोल्ट्रेनच्या बरोबर बसायला मिळालं होतं. म्हणजे वडील मुलांपेक्षा त्यालाच जास्त आठवत असणार.

सुरुवात 'अलाबामा'ने. १५ सप्टेंबर १९६३ला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मेल्या, त्यावरची कोल्ट्रेनची ही रचना. मूळ मुद्रण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातलं, बेसवर जिमी गॅरिसन. आता मुलगे वाजवताहेत आणि हा म्हातारा मागे बसून झांजांवर नुसती सळसळ ठेवतो. मोजायला मात्रा देतच नाही. वाटलं असतं तर वडिलांच्या आठवणीने गडगडाट करता आला असता. मूळ मुद्रणातल्या ड्रमरचा, एल्विन जोन्सचा नमुना समोर होताच. 'ब्लू इन ग्रीन'ला तर तो ड्रम सोडून पियानोवर जातो. मुळात पियानो शिकलेला माणूस.

ड्रमरचं नाव मुखपृष्ठावर सगळ्यांत मोठं आणि आत तो सगळ्यांत कमी दिसतो. हे सुटं सुटं लिहून ठेवावं असं वाटतंय. महिनाभर फक्त ड्रमरांनी स्वतःच्या नावावर केलेले अल्बम ऐकायचे. लहान संच, तीन-चार-पाच माणसं.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

त्रिलोक गुर्टू आज ७४चा. जन्म मुंबईचा. आमच्या घरात शोभाताई आधी आल्या, मुलगा बऱ्याच उशिरा. आई ठुमरी-दादऱ्याची जाणकार, शोभा गुर्टूंचं नाव निघालं की कुकरची शिट्टीसुद्धा तिला खपायची नाही. त्यांचा मुलगा 'इंग्रजी ढोल' वाजवतो हे कळल्यावर तिने विचारलं होतं, "मग आईला साथ कोण करतं?"

'उस्फ्रेट' हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे, असं आज वाटलं. १९८८चा अल्बम. ट्रंपेटवर डॉन चेरी, गिटारवर राल्फ टाउनर, व्हायोलिनवर एल. शंकर आणि गायला शोभाताई. पहिल्या तुकड्याचं नावच 'शोभारॉक'.

त्रिलोक स्टुलावर बसत नाही, खाली गुडघे टेकून वाजवतो. हाताशी तबला, भोवती टॉम आणि झांजा, शेजारी पाण्याची बादली. वाजती झांज पाण्यात उतरवली की तिचा स्वर खाली घसरतो. लोक ती बादली पाहायला जातात. जावं. पण मी ऐकते ते वेगळं. ठुमरीत तबलजीला मोकळीक मिळते ती लग्गीत, शेवटी शेवटी. तोवर त्याने गाण्याच्या मागे राहायचं, मान खाली घालून. इथे पोरगा पहिल्या क्षणापासून लग्गीच्याच अवसानात आहे आणि आई त्याच्यावरून शांतपणे निघून जाते, जणू हा पसारा रोजचाच. कुणी कुणाला साथ करतंय हे ठरवता येत नाही.

पण काल-परवाचा माझा 'नेता कमी दिसतो' हा सिद्धान्त इथे लागू पडत नाही. गुर्टू भरपूर दिसतो. असो, सिद्धान्ताला दोनच दिवस झालेत.

रविवार, २ नोव्हेंबर

कार्तिकी एकादशी. माझ्या तबल्याच्या मास्तरांकडे डोंबिवलीला. हात आता थरथरतात, पण जिभेवरचे बोल तसेच स्वच्छ. खिचडीची बशी हातात देऊन म्हणाले, "मोबाइलवर काय आणलंयस ते ऐकव, मग उपदेश करतो."

डॅन वाइसचा 'तीनताल ड्रमसेट सोलो' ऐकवला. २००५चा. हा न्यूयॉर्कचा ड्रमर समीर चटर्जी यांच्याकडे तबला शिकला आणि त्याने अख्खा तबला सोलो ड्रमसेटवर उतरवला. पुढे झपतालातही केला, २०११मध्ये. गिटारवर लेहरा आणि त्यावर हा. फ्यूजन म्हणून दोन-चार तिहाया पेरून मोकळं व्हायचं, असला प्रकार नाही. रीतसर सोळा मात्रांत बसलेला हिशेबी सोलो.

मास्तर बोटांवर सोळा मोजत होते. डोळे मिटलेले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "शिकलाय. चोरलेलं नाही, शिकलाय." मग तक्रार आलीच: "डग्गा कुठाय? पायाने ठोकतोय तो. घुमारा आहे, मींड नाही." खरंच आहे. डग्ग्यावर मनगट दाबत नेलं की 'घे' बोलतो. बेस ड्रमला लाथ मारली की तो 'धप्' म्हणतो आणि संपतो. वाइस ही उणीव झांजांच्या रेंगाळण्याने भरून काढतो, असं माझं म्हणणं. मास्तरांना ते पटलं नाही.

निघताना त्यांनी जे सांगितलं ते महत्त्वाचं. "सोलोत तबलजी राजा का असतो? कारण पेटीवाला ठेका धरतो. लेहरा म्हणजे काय, सुरांनी धरलेला ठेकाच. पेटीवाला आवर्तन सांभाळतो म्हणून आपल्याला हवं तिकडे हिंडता येतं. तुझ्या त्या जॅझवाल्यांत ड्रमर मालक झाला, तर ठेका कोण धरतो?"

मी म्हटलं, बेसवाला. ते हसले. "आणि बेसवाल्यालाही हिंडायचं असलं तर?"

गुरुवार, ६ नोव्हेंबर

टेरी लिन कॅरिंग्टन, 'मनी जंगल: प्रोव्होकेटिव्ह इन ब्लू'. पियानोवर जेराल्ड क्लेटन, बेसवर ख्रिश्चन मॅकब्राइड. मूळ 'मनी जंगल' १९६२च्या सप्टेंबरात मुद्रित झालेला: ड्यूक एलिंग्टन, चार्ल्स मिंगस, मॅक्स रोच. तिघेही राजे, तिघेही एकमेकांच्या अंगावर आलेले. ऐकताना आजही भीती वाटते, कुणीतरी आता उठून जाईल अशी.

तो अल्बम एलिंग्टनचा मानतात. पन्नास वर्षांनी तोच ड्रमच्या बाजूने पुन्हा बांधायचा, ही कॅरिंग्टनची कल्पना. तिला सात वर्षांची असताना जो ड्रमसेट मिळाला तो आजोबांचा होता; आजोबा फॅट्स वॉलरबरोबर वाजवलेले. २०१४चं वाद्य-जॅझचं ग्रॅमी या अल्बमला मिळालं, त्या विभागात बाईला मिळालेलं पहिलंच.

अल्बम नीटनेटका आहे, माझ्या चवीला जरा जास्तच. मूळच्या भांडणातला धाक गेला, त्या जागी भाषणांचे तुकडे आले. तरी मॅकब्राइड ऐकावा. स्वतःच्या बँडमध्ये तो असा दबा धरून वाजवत नाही. इथे त्याला कुणीतरी मागून अडवून धरलंय, आणि ते त्याला मानवलंय.

इथून एक कसोटी मिळाली: अल्बम ड्रमरचा आहे की नुसता त्याच्या नावावर आहे, हे ठरवायचं तर ड्रम ऐकू नयेत. पियानोवाला, बेसवाला ऐकावा. तो त्याच्या घरी वाजवतो तसाच इथे वाजवत असेल, तर मालकी फक्त कागदावर.

सोमवार, १० नोव्हेंबर

अँड्र्यू सिरिल आज ८६. ब्रुकलिनचा, आईवडील हैतीहून आलेले. सिसिल टेलरबरोबर दहाएक वर्षं वाजवलेला माणूस, म्हणजे वादळात छत्री धरायची नोकरी केलेला. आणि म्हातारपणी किती मऊ झालाय! 'द न्यूज', २०२१. गिटारवर बिल फ्रिझेल, पियानोवर डेव्हिड व्हिरेयेस, बेसवर बेन स्ट्रीट.

शीर्षक-रचनेत सिरिलने स्नेअर आणि टॉमवर वर्तमानपत्र पसरलंय आणि त्यावर ब्रशने वाजवतो. कागद कुरकुरतो, सरकतो, कुठे फाटल्यासारखा होतो. ड्रमचा कातडी आवाज बंद, नुसती खसखस उरते. मग गिटारला तार जोरात छेडायची लाजच वाटते. फ्रिझेल असाही हळू वाजवणारा, पण इथे तो बोटं नखाच्या टोकावर आणतो. कसोटीला उतरला.

दुपारी मी जुन्या तबल्यावर पेपर घालून पाहिला. शाईवर कागद ठरत नाही, उडतो. पुरवणीचा गुळगुळीत कागद तर अगदीच निकामी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

रॉय हेन्सला जाऊन वर्ष झालं. शंभरीला चारच महिने कमी होते. 'वी थ्री' लावला, १९५८चं मुद्रण, पियानोवर फिनिअस न्यूबॉर्न, बेसवर पॉल चेंबर्स. आजचे नाहीत हे, पण आजच्यांचं मूळ इथे आहे. शिवाय हा माणूस १९६०मध्ये 'एस्क्वायर'च्या उत्तम पोशाखवाल्यांच्या यादीत होता. वाजवणंही तसंच, इस्त्री न मोडता.

त्याच काळात आपल्याकडे हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगला ड्रम कोण वाजवत होतं? कावस लॉर्ड आणि त्यांचा मुलगा बर्जोर, लेस्ली गोदिन्हो. पारशी आणि गोवेकर मंडळी. जॅझ त्यांना उत्तम येत होतं, मुंबईच्या हॉटेलांत रात्री ते वाजतही होतं. त्यांच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या चार माणसांसह केलेल्या तबकड्या मात्र शोधूनही माझ्या हाती लागलेल्या नाहीत. कोट्यवधी लोकांच्या कानांत ज्यांचा हात आहे त्यांचं नाव लोकांच्या तोंडी नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

भाचा पुण्याहून आला. खांद्याला काड्यांची पिशवी, येताच जेवणाच्या टेबलावर सरावाचा पॅड मांडला. त्याला मकाया मॅक्रेवन म्हणजे देव. पॅरिसमध्ये १९८३ला जन्मलेला, वडील अमेरिकन ड्रमर, आई हंगेरियन गायिका, आता शिकागोत. 'इन द मोमेंट' (२०१५) त्याने असा केला: एकाच ठिकाणी वर्षभरात २८ कार्यक्रम, सगळे आयत्या वेळी सुचेल तसे, मिळून जवळजवळ ४८ तासांचं मुद्रण. मग घरी बसून ते कापलं, जोडलं, फिरवलं, थर चढवले.

मी म्हटलं, "हे वाजवणं नाही, शिवणकाम आहे."

"मावशी, तू आत्याबाईंसारखं बोलू नकोस हं. कापायचं कुठे हे कोण ठरवतं? ड्रमरच ना? कुठली दोन आवर्तनं परत परत आली की अंगात येतं, हे त्यालाच कळतं."

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी चहा टाकायला उठले. मग 'युनिव्हर्सल बीइंग्ज' ऐकला, २०१८चा. चार बाजू, चार शहरं: न्यूयॉर्क, शिकागो, लंडन, लॉस एंजेलिस, आणि प्रत्येक ठिकाणचे वादक वेगळे. न्यूयॉर्कच्या बाजूला ब्रँडी यंगरची हार्प आहे. हार्पवर ड्रम कसा ठेवायचा, ती बुडणार नाही इतका, हे त्याने नेमकं साधलंय. इथे मी हरकत मागे घेतली. पण त्याच्या कापाकापीतून येणारी आवर्तनं मला अजूनही फार लवकर ओळखीची होतात. भाच्याचं म्हणणं, ओळखीची व्हावीत म्हणूनच ती आहेत.

रात्री पॅडची टकटक बारापर्यंत. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळी विचारलं, सुतार लावलाय का.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

टायशॉन सोरी, 'कंटिन्यूइंग', २०२३. सकाळच्या लोकलमध्ये लावून पाहिला आणि घाटकोपरच्या आत बंद केला. ब्रश ऐकूच येत नाहीत. हा अल्बम घरी, पंखा बंद करून ऐकायचा.

चारच रचना, सगळ्या दुसऱ्यांच्या किंवा जुन्या. पियानोवर ॲरन डील, बेसवर मॅट ब्रूअर. लय इतकी खाली आणलेली की झुमऱ्यात बडा ख्याल ऐकायची सवय असलेल्यालाच ती आपली वाटावी. जॅझच्या माणसाला अशा लयीत अवघडल्यासारखं होतं, दोन मात्रांमधली पोकळी भरायला हात शिवशिवतात. सोरी भरत नाही आणि दुसऱ्यालाही भरू देत नाही. डील एरवी चमकदार, झुळझुळीत हाताचा वादक. इथे एक स्वर लावून वाट पाहतो. लांब वाट पाहतो.

सोरीला २०१७मध्ये मॅकआर्थर आणि २०२४मध्ये संगीतरचनेचं पुलित्झर मिळालं. पुलित्झर मिळालेल्या रचनेचं नावही 'अडाजिओ', म्हणजे विलंबितच.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पॉल मोशियन. चौदा वर्षं झाली जाऊन. आजचा दिवस त्याच्यासाठी राखला होता, भाजीसुद्धा कालच निवडून ठेवलेली.

१९३१ला फिलाडेल्फियात जन्मला, आर्मेनियन आईवडिलांचा, वाढला प्रॉव्हिडन्समध्ये. लोकांना तो पियानोवादक बिल एव्हान्सच्या तिकडीतला म्हणून ठाऊक. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कमधलं व्हिलेज व्हँगार्ड हे तळघर. त्या दिवशीच्या मुद्रणावर जगातला निम्मा पियानो-जॅझ उभा आहे. बेसवाला स्कॉट लाफारो त्यानंतर अकराव्या दिवशी मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. मास्तरांचा प्रश्न, 'बेसवाल्यालाही हिंडायचं असलं तर?', तो याच माणसाने पहिल्यांदा इतका उघड विचारला होता. लाफारो ठेका धरतच नव्हता, पियानोशी गप्पा मारत होता. आणि मोशियनला मग ठेका धरण्याची सक्ती जास्त व्हायला हवी होती, तर तोही हळूहळू त्या गप्पांत शिरला.

स्वतःच्या नावावर पहिला अल्बम त्याने चाळिशी उलटल्यावर केला, 'कन्सेप्शन व्हेसल'. पण खरा मोशियन ऐंशीच्या दशकात सापडतो: गिटारवर बिल फ्रिझेल, टेनर सॅक्सवर जो लोव्हानो. १९८४ला 'इट शुड्व्ह हॅपन्ड अ लाँग टाइम अगो'चं मुद्रण झालं आणि ही तिकडी जवळजवळ त्याच्या मरणापर्यंत टिकली.

बेसच नाही. मास्तरांचा पेटीवाला त्याने थेट घरी पाठवून दिला.

आज 'आय हॅव द रूम अबव्ह हर' (२००५) दोनदा ऐकला. मोशियन राइड झांजेवर एक ठोका देतो. पुढचा जिथे यावा तिथे येत नाही. तोवर लोव्हानोने एक वाक्य अर्धं बोलून सोडलेलं असतं, फ्रिझेलचा स्वर लांब पसरलेला असतो, आणि मग मोशियनचा ठोका येतो, त्या दोघांच्या मधोमध. उशिरा आला असं वाटत नाही. लय आहे, नक्की आहे, तिघांनाही ती एकाच ठिकाणी ऐकू येतेय, फक्त ती कुणीच वाजवत नाहीये. ड्रमरने मोजून दिलं नाही की बाकीच्यांना आपलं आपण मोजावं लागतं, आणि मोजणारा माणूस ऐकतोही जास्त. फ्रिझेल पुढे स्वतःच्या अल्बमांत जो झाला, तो इथे घडलाय असं मी म्हणेन. नेतृत्व म्हणतात ते बहुधा हे. सगळ्यांकडून थोडं थोडं ठेक्याचं काम काढून घ्यायचं.

त्याच्या चाली पियानोवर बांधलेल्या, छोट्या, लहान मुलाने गुणगुणाव्यात इतक्या सोप्या. त्या सोप्या आहेत म्हणूनच तर एवढं सैल सोडता येतं. अवघड चाल असती तर तिघेही कागदाला चिकटले असते.

शेवटच्या वर्षांत त्याने प्रवास सोडला, न्यूयॉर्कमध्येच वाजवायचा. ऐकायचं असेल तर या. घरंदाज गवयाची ऐट. मला आवडते.

रविवार, २३ नोव्हेंबर

मास्तरांना मोशियन ऐकवला. राहवलं नाही. बोटांवर मोजायला लागले, थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. मग हात मांडीवर ठेवून दिला.

"मुद्दाम करतोय?"

"हो."

"समेवर येत नाही. पण कुणी पडतही नाही." थोड्या वेळाने: "मला नाही आवडलं. बंद नको करूस."

शनिवार, २९ नोव्हेंबर

बिली हार्ट ८५. या वर्षी फेब्रुवारीत 'जस्ट' आला. तीच चौकडी: मार्क टर्नर टेनरवर, इथन आयव्हर्सन पियानोवर, बेन स्ट्रीट बेसवर. वर्षानुवर्षं टिकलेली.

या चौकडीची जन्मकथा मला फार आवडते. ती मुळात आयव्हर्सन आणि टर्नरची. दोघांनी आपल्याहून पंचवीस-बत्तीस वर्षांनी मोठ्या हार्टला ड्रमवर बोलावलं. मग बँडचं नाव त्याच्याकडे गेलं. म्हणजे मालकी त्याने घेतली नाही, साथीदारांनी दिली. रचना आजही वाटून: काही आयव्हर्सनच्या, काही टर्नरच्या, काही हार्टच्या. 'लैला-जॉय' हार्टची.

'जस्ट'वर हार्ट मोशियनसारखा ठेका सोडून देत नाही. धरतो, पण घट्ट धरत नाही. मधूनच झांजेचा एक मोठा फटका येतो जो कुठल्याच मात्रेला उत्तर देत नाही, आणि टर्नरचा थंड, सरळ सूर त्या फटक्याने जरा वाकतो. आयव्हर्सन एरवी चलाख, विनोदी. इथे अदबीने वाजवतोय. कसोटी पुन्हा लागू.

भाच्याला लिंक पाठवली. तासाभरात फोन. "मावशी, हा मध्येच ओढतो गं. क्लिक लावून पाहिलं मी. पुढे-मागे होतो."

"क्लिक लावून पाहिलंस?"

"मग कशाने पाहणार?"

"पियानोवाल्याचा डावा हात ऐक. तो कुठे ठेवतो ते बघ, आणि मग सांग कोण पुढे-मागे होतंय."

"म्हणजे ठेका पियानोवाला धरतोय?"

"ऐक तर आधी. दुसऱ्या रचनेपासून सुरू कर. आणि पॅड बाजूला ठेव."